फिट का येते?



सरावलीला लावणी चालू असताना एक तरुण खाचरातच कोसळला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. कुणी कांदा आणायला धावले, कुणी वहाण नाकाशी धरली. मी आधी त्याला ओढून बांधावर घ्यायला लावले. त्या घडीला फिटपेक्षा वीतभर पाण्याचीच भीती जास्त होती.

संध्याकाळी त्याच्या आईने हळूच विचारले, "साहेब, बाहेरचं काही नसेल ना?"

बाहेरचे काही नाही, माउली. आतलेच आहे.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात तो रसायनांच्या हाती. ग्लुटामेट नावाचे रसायन 'चल' म्हणते, गाबा नावाचे 'थांब' म्हणते. खाचराला पाणी हवे तसा बांधही हवा. बांध खचला, की एका खाचराचे पाणी खालच्या साऱ्या खाचरांत शिरते. फिटमध्ये पेशींचे असेच होते. कुणाचा बांध जन्मतःच कच्चा असतो, कुणाचा डोक्याला मार लागून किंवा मेंदूत जंतांच्या गाठी होऊन खचतो.

आपल्याच धंद्यातला दाखला देतो. एंडोसल्फान आठवते ना? सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्यावर बंदी घातली. हे औषध किडीच्या मज्जातंतूंत गाबाचेच काम अडवी. गाबा माणसातही आहे. म्हणून ते पोटात गेले, की कधी फिट न आलेल्या धडधाकट गड्यालाही झटके येत. त्या काळी त्याची मात्रा मीही लिहून देत असे, हे कबूल केले पाहिजे.

फिनोबार्बिटोनची गोळी नेमके उलटे करते, गाबाचा जोर वाढवते. १९१२ पासून ती फिटवर वापरात आहे. या मुलालाही गोळ्या चालू होत्या. वर्षभर फिट आली नाही म्हणून त्याने मनानेच बंद केल्या. त्यात तारापूरला कारखान्यात रात्रपाळी आणि दिवसा लावणी. झोप मोडली, की 'चल' म्हणणाऱ्याचे फावते. गोळी एकदम तोडली तर बांध एकदम ढासळतो. कमी करायची ती डॉक्टरांनीच, हळूहळू.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ घाला, तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. पाच मिनिटे झाली, पाठोपाठ दुसरी आली किंवा आयुष्यातली पहिलीच असली तर लगेच दवाखाना गाठा.

त्या माउलीचा दुसरा प्रश्न लग्नाचा होता. फेफऱ्याच्या कारणावरून विवाह रद्द करण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यातून १९९९ सालीच काढून टाकली आहे. मुलीकडच्यांना आधी सांगा, लपवू नका, एवढेच मी म्हणालो. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला ताडावर चढू देऊ नका, विहिरीवर एकटे पाठवू नका.