अंथरूण पाहून किक मारा!

मॅन्यू, लिव्हरपूल, आर्सेनल... वीकएंडला टीव्हीसमोर ठाण मांडणाऱ्या तुम्हा-आम्हाला हीच नावं पाठ. पण इंग्लिश प्रीमियर लीगच्या २० क्लब्जपैकी निम्म्याहून जास्त अगदी आपल्यासारखे, मिडलक्लास! कमाई बरी, पण शेजारचा कायम कैकपट श्रीमंत. मग अशा क्लबनं वर जायचं कसं? आणि गेल्यावर टिकायचं कसं?

एक सोपा रस्ता आहे... कर्ज काढा! लीड्स युनायटेडनं हेच केलं. चॅम्पियन्स लीगचा पैसा येतच राहणार, असं गृहीत धरून पुढच्या कित्येक वर्षांच्या तिकीटविक्रीवर ६ कोटी पौंड उचलले. २००१ मध्ये टीम चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला पोचली. एकदम सही! पण पुढच्या सीझनसाठी क्वालिफाय होणं हुकलं, २००२ मध्ये पुन्हा हुकलं. हप्ते थोडेच थांबतात? रिओ फर्डिनंडला मँचेस्टर युनायटेडला विकलं. २००४ मध्ये क्लब प्रीमियर लीगबाहेर फेकला गेला, त्याच वर्षी एलंड रोड हे स्टेडियमही विकलं. २००७ मध्ये थेट तिसऱ्या डिव्हिजनमध्ये! प्रीमियर लीगमध्ये परतायला २०२० उजाडलं. अप्रेझलच्या आधीच वाढीव पगाराचा ईएमआय सुरू केला की दुसरं काय होणार?

आता ब्रायटन बघा. या क्लबचं मैदान १९९७ मध्येच हातातून गेलं होतं. दोन वर्षं ‘होम मॅच’ दूरच्या जिलिंगहॅम गावात, मग १२ वर्षं ॲथलेटिक्सच्या स्टेडियमवर. फॅन्सनी मोर्चे काढले, भांडून क्लब जगवला. २००९ मध्ये टोनी ब्लूम चेअरमन झाला. हा लहानपणापासूनचा ब्रायटन फॅन, आकडेमोड करून बेटिंगमध्ये श्रीमंत झालेला. त्यानं क्लबला कोट्यवधी पौंड बिनव्याजी दिले. तेव्हा ही काही निव्वळ काटकसरीची कहाणी नाही, बरं का! पण पैसा गेला कुठे? आधी स्वतःच्या स्टेडियममध्ये, ते २०११ मध्ये उभं राहिलं. आणि मग जगभरातून कमी किमतीत गुणी पोरं हेरणाऱ्या यंत्रणेत. २०१७ मध्ये ब्रायटन प्रीमियर लीगमध्ये आला.

त्यांचा फंडा एकच. चांगला माणूस आज ना उद्या जाणारच! मग रडायचं कशाला? राजीनामा यायच्या आधीच रिप्लेसमेंट हेरून ठेवायची. ऑगस्ट २०२२ मध्ये चेल्सीनं लेफ्टबॅक कुकुरेयाला नेलं. त्याच महिन्यात एस्तुपिन्यान हजर. सप्टेंबरमध्ये कोच ग्रॅहम पॉटरही चेल्सीनंच पळवला. दहा-बारा दिवसांत रॉबर्टो डी झर्बी खुर्चीत. त्या सीझनला ब्रायटन सहावा आला, क्लबच्या इतिहासातला सर्वांत वरचा नंबर! युरोपच्या स्पर्धेत पहिल्यांदाच एन्ट्री. ५० लाख पौंडांपेक्षा कमी किमतीत आणलेला इक्वेडोरचा मोइसेस कैसेदो २०२३ मध्ये १० कोटी पौंडांना विकला, वर दीड कोटींचा बोनस ठरला तो वेगळा. गिऱ्हाईक? पुन्हा चेल्सीच!

पण याची किंमत फॅन मोजतो. ज्याच्या नावाची जर्सी घ्यावी, तो पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्याच्या जर्सीत! बरं, ट्रॉफीच्या कपाटात मिरवण्यासारखं फारसं काही नाही. मग हे कसलं यश?

उत्तरासाठी लेस्टर आठवा. २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकून त्यांनी जगाला वेड लावलं, आणि २०२३ मध्ये ते लीगबाहेर होते. ट्रॉफी एका रात्रीची पार्टी असते, बॉस. दुसऱ्या दिवशी ऑफिस असतंच. ‘होम मॅच’साठी परगावी गेलेल्या ब्रायटनच्या फॅन्सना विचारा. दर पंधरवड्याला आपल्याच गावात, आपल्याच मैदानावर मॅच बघायला मिळणं, यापेक्षा मोठा कप कोणता?