घरगुती एस्प्रेसो यंत्र : दाब, दळण आणि दुधाचे गणित

विशेष प्रतिनिधी

कोल्हापूर : लग्नाच्या स्वागत समारंभात मंडपाच्या एका कोपऱ्यात फुसफुसणारे यंत्र, पेल्यात फेसाळलेले गोड दूध आणि वर चॉकलेट पावडरची चिमूट. ‘एस्प्रेसो’ या शब्दाशी महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांची पहिली ओळख झाली ती अशी. वास्तविक तो पेला म्हणजे इन्स्टंट कॉफी, साखर आणि वाफेने उकळलेले दूध यांचे मिश्रण. मूळ इटालियन एस्प्रेसोशी त्याचे नाते वाफेपुरतेच.

राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळा परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचा प्रयोग करून पाहिला होता. तरीही या शहराचा जीव रमला तो चहात आणि धारोष्ण दुधात. बंगळुरूत १९९६ साली पहिले ‘कॅफे कॉफी डे’ सुरू झाले आणि पुढील काळात कॅफे संस्कृती लहान शहरांपर्यंत पोहोचली. आता ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊ पाहते आहे. ऑनलाइन बाजारात घरगुती एस्प्रेसो यंत्रे साधारण आठ-दहा हजार रुपयांपासून लाखाच्या पुढेपर्यंत मिळतात. मात्र खोक्यावरील आकडे आणि चकचकीत छायाचित्रे पाहून केलेली खरेदी सहा महिन्यांत कापडाखाली झाकून ठेवण्याची वेळ येते. चाळीस-पन्नास हजारांची रक्कम मध्यमवर्गीय घरासाठी लहान नाही. म्हणूनच यंत्राचे तंत्र आधी समजून घेणे श्रेयस्कर.

एस्प्रेसो म्हणजे काय?

एस्प्रेसो हा बियांचा प्रकार नव्हे, ती कॉफी काढण्याची पद्धत आहे. बारीक दळलेल्या आणि घट्ट दाबलेल्या कॉफीतून ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे ९ बार दाबाने ढकलले जाते. प्रचलित प्रमाणानुसार १८ ग्रॅम पुडीतून २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम द्रव मिळतो. त्यावर येणाऱ्या तांबूस साईला ‘क्रेमा’ म्हणतात.

घरातील प्रेशर कुकरची शिटी साधारण एक बार दाबाला वाजते. एस्प्रेसोला त्याच्या नऊपट दाब लागतो. केवळ वाफेच्या बळावर तो मिळवता येत नाही. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी पेटंट घेतलेले यंत्र वाफेच्या दाबावरच चालत असे आणि त्याची कॉफी करपट लागे. आकिले गाज्जिया यांनी १९३८ मध्ये वाफेविना चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे तरफेचे यंत्र बाजारात आले. क्रेमा पेल्यात अवतरली ती तेव्हा. १९६१ मध्ये ‘फाएमा’ कंपनीच्या ‘ई ६१’ यंत्राने हाताच्या तरफेची जागा विजेच्या पंपाला दिली. आजची बहुतेक घरगुती यंत्रे याच पंपाच्या परंपरेतील आहेत.

या इतिहासातून ग्राहकाने घ्यायचा धडा सोपा आहे. अतिशय स्वस्त यंत्रांपैकी काहींमध्ये पंपच नसतो, बंद टाकीतील वाफच पाणी ढकलते. खरेदीपूर्वी ‘पंप आहे काय?’ हा पहिला प्रश्न विचारावा.

पंधरा-वीस बारचा भुलभुलैया

बहुतेक खोक्यांवर ‘१५ बार’ किंवा ‘२० बार’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. हा पंपाचा कमाल दाब होय. कॉफीला हवा असतो तो नऊच्या आसपास. त्यामुळे वीस बारचे यंत्र पंधरा बारच्या यंत्रापेक्षा सरस, असे मुळीच नाही. जादा दाब परत वळवणारी झडप यंत्रात आहे काय आणि पाण्याचे तापमान स्थिर राहते काय, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे.

दुसरा मुद्दा गाळणीचा. स्वस्त यंत्रांसोबत दुहेरी तळाची गाळणी येते. तिच्या बाहेरच्या तळाला एकच सूक्ष्म छिद्र असते. दळण कसेही असले तरी ती कृत्रिम फेस काढून देते. नवशिक्यांना ती सोयीची, पण चवीला तिची मर्यादा पडते. एकेरी तळाची गाळणी त्या यंत्रात बसते काय, हे पाहून ठेवावे. गाळणीच्या दांड्याचा व्यास ५८ मिलिमीटर असल्यास सुटे भाग सहज मिळतात. ५१ किंवा ५४ मिलिमीटरच्या यंत्रांतही उत्तम कॉफी होते, मात्र त्यांच्यासाठी पर्याय कमी असतात.

यंत्रांच्या चार जाती

पहिली जात थर्मोब्लॉकची. यात पाणी तापलेल्या धातूच्या नळीतून वाहता वाहता गरम होते. यंत्र मिनिटभरात तयार होते आणि आकाराने लहान असते. सकाळी घाईत एक-दोन कप करणाऱ्यांना ती पुरेशी.

दुसरी जात एका बॉयलरची. तोच बॉयलर कॉफीसाठी आणि दुधाच्या वाफेसाठी वापरला जातो. कॉफी काढल्यावर वाफेचे तापमान गाठेपर्यंत मिनिटभर थांबावे लागते. दोघांच्या घरात ते चालते. रविवारी सहा पाहुणे आले, की यजमान ओट्यापाशीच अडकून पडतात.

तिसरी जात उष्णता विनिमय पद्धतीची किंवा दोन बॉयलरची. कॉफी आणि वाफ एकाच वेळी मिळते. किंमत, वजन, वीज आणि तापण्याचा वेळ हे सारेच त्या प्रमाणात वाढते.

चौथी जात संपूर्ण स्वयंचलित यंत्रांची. बिया दळण्यापासून पेला भरण्यापर्यंतचे काम एका बटणावर होते. सोय मोठी, पण आतील भाग अनेक आणि बिघाडाची ठिकाणेही अनेक. कॅप्सूलची यंत्रे याहून सोपी असतात. तेथे ग्राहक एका प्रकारच्या कॅप्सूलशी बांधला जातो आणि ती आपल्या शहरात नियमित मिळेल काय, याची खात्री आधीच करावी लागते.

आधी दळण, मग यंत्र

जाणकारांचा सल्ला असा, की यंत्रापेक्षा दळणयंत्राकडे आधी पाहावे. पाणी नेहमी कमी अडथळ्याची वाट शोधते. दळणात काही कण पिठासारखे आणि काही रव्यासारखे असले, तर पाणी मोकळ्या वाटेने पळते आणि कॉफी एकाच वेळी आंबट व कडू लागते. स्वयंपाकघरातील मिक्सर पात्यांनी बिया फोडतो, एकसारखे दळत नाही. त्यासाठी जात्याप्रमाणे दोन कड्यांमध्ये बिया भरडणारे बर ग्राइंडर लागते. हाताने फिरवायचे चांगले ग्राइंडर विजेच्या ग्राइंडरपेक्षा स्वस्त पडते, फक्त मनगटाला व्यायाम होतो.

तयार पूड घ्यायची झाल्यास चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी या यंत्रात घालू नये. चिकोरी पाण्यात विरघळून चिकट होते आणि गाळणी तुंबते. बियांच्या बाबतीत कोल्हापूरकर भाग्यवान म्हणावे लागतील. देशातील बहुतांश कॉफी कर्नाटकात पिकते आणि चिकमगळूर-कोडगूचे मळे महामार्गाने एका दिवसाच्या अंतरावर आहेत. भारतीय रोबस्टा इटलीतील एस्प्रेसोच्या मिश्रणात वर्षानुवर्षे वापरला जातो. इटली हा भारतीय कॉफीचा मोठा ग्राहक आहे. पाकिटावर भाजणीची तारीख पाहावी. भाजल्यानंतर साधारण एक ते चार आठवड्यांतील बिया उत्तम. जून ते सप्टेंबर या काळात येथील दमट हवेत बिया लवकर उतरतात, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा आणि लहान पाकिटे बरी. फ्रीजचे दार वारंवार उघडून त्यांना ओल लावू नये.

पाणी आणि वीज

पेल्यातील बहुतांश भाग पाण्याचा असतो आणि यंत्राचे आयुष्यही पाण्यावरच ठरते. महापालिकेच्या नळाचे पाणी आणि अपार्टमेंटमधील बोअरचे पाणी यांत मोठा फरक असू शकतो. घरातील गिझरच्या कॉइलवर किंवा किटलीच्या तळाशी पांढरा थर साचत असेल, तर तोच थर यंत्राच्या बॉयलरमध्येही साचणार. उलट आरओचे अगदी क्षारविरहित पाणी चवीला सपक लागते, धातूला बाधक ठरू शकते आणि काही यंत्रांतील पाण्याची पातळी ओळखणारा संवेदक त्याने फसतो. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दर लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असावे, असा संकेत आहे. ते स्वस्त टीडीएस मीटरने घरीच मोजता येते. पाण्याचा जडपणा पाहण्यासाठी वेगळ्या पट्ट्या मिळतात.

घरगुती यंत्रांना साधारण १००० ते १५०० वॉट वीज लागते. त्यासाठी १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग असावे. मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि कॉफी यंत्र एकाच एक्स्टेंशनवर लावणे धोक्याचे. घरातील लहान इन्व्हर्टरवर हे यंत्र चालेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

अमेरिकेतील मुला-नातवंडांनी प्रेमाने आणलेले यंत्र हा स्वतंत्र विषय आहे. तेथील वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, येथील २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. थेट सॉकेटला लावल्यास यंत्र पहिल्याच दिवशी जळण्याची भीती. दीड-दोन हजार वॉटचा जड ट्रान्सफॉर्मर घेतला, तरी हर्ट्झचा फरक राहतोच आणि त्याचा पंपाच्या कामावर परिणाम होतो. युरोपातील यंत्राची वीज जुळते, केवळ पिन बदलावी लागते. वॉरंटी मात्र अनेकदा त्या त्या देशापुरतीच असते.

म्हशीचे दूध आणि वाफेची नळी

बहुतेक पाककृती गायीच्या दुधावर बेतलेल्या असतात. कोल्हापूर हा म्हशीच्या दुधाचा मुलूख. गायीच्या दुधात साधारण साडेतीन ते चार टक्के स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात सहा टक्के वा अधिक. फेस टिकतो तो प्रथिनांमुळे आणि तीही म्हशीच्या दुधात अधिक असतात. त्यामुळे फेस दाट व जड होतो आणि कॅपुचिनो चवीला भरदार लागते. पातळ, रेशमी फेस हवा असेल तर गायीचे दूध घ्यावे.

येथे एक खबरदारी अत्यावश्यक. वाफेने दूध ५५ ते ६५ अंशांपर्यंतच तापवायचे असते, त्यापुढे चव बिघडते. हे तापवणे म्हणजे उकळणे नव्हे. गंगावेशीच्या कट्ट्यावरून किंवा गवळ्याकडून आणलेले निरसे दूध आधी उकळावे, थंड करून साय काढावी, गाळून फ्रीजमध्ये ठेवावे आणि मग वाफेखाली धरावे. साय राहिल्यास नळीची छिद्रे बुजतात. काम संपताच नळी ओल्या फडक्याने पुसून क्षणभर वाफ सोडावी. वाळलेले दूध पुढे दुर्गंधी आणि जंतू दोन्ही वाढवते.

दुरुस्तीचा प्रश्न

पंप, झडप, दाब, पितळ हे शब्द उद्यमनगरीच्या या शहराला नवे नाहीत. कडक झालेले रबरी गॅस्केट बदलणे किंवा गळती थांबवणे कुशल कारागिराला जमू शकते. मात्र बॉयलर आणि विद्युत मंडळाला हात लावण्यापूर्वी अधिकृत सेवा केंद्र गाठावे. ते कोल्हापुरात आहे, की यंत्र खोक्यात भरून पुण्या-मुंबईला किंवा बंगळुरूला पाठवावे लागेल, हे खरेदीपूर्वी लेखी विचारून घ्यावे. वाहतुकीचा खर्च कोणाचा, हेही त्याच वेळी ठरावे. मूळ खोके वर्षभर जपून ठेवणे शहाणपणाचे.

पैशाचा हिशेब

पावशेर बियांतून १८ ग्रॅमचे साधारण १३ ते १४ डाव निघतात. पाकीट ५०० रुपयांचे धरले, तर एका डावाला सुमारे ३६ रुपये पडतात. दूध आणि वीज धरून घरचा कप पन्नास रुपयांच्या आसपास जातो. कॅफेत दीडशे रुपये मोजणाऱ्याची प्रत्येक कपामागे शंभर रुपयांची बचत होते. यंत्र व ग्राइंडर मिळून चाळीस हजार खर्चले, तर ती रक्कम चारशे कपांत वसूल होते, म्हणजे रोज एक कप या दराने तेरा महिन्यांत.

हा हिशेब कॅफेत नियमित जाणाऱ्यापुरताच खरा. ज्या घरात आजवर सकाळी चहाच होत आला, तेथे बचत काहीच नाही, उलट दर कपाला नवा खर्च सुरू होतो. महिन्याला चार वेळा कॅफेत जाणाऱ्याला हीच रक्कम वसूल होण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर गॅस्केट आणि पंप आपला खर्च मागणारच.

अशांसाठी पर्याय आहेत. इटलीत १९३३ मध्ये निघालेले मोका पात्र गॅसवर कडक कॉफी काढते. त्याचा दाब एक-दीड बारच असल्याने ती खरी एस्प्रेसो नव्हे, पण दूध घालून पिणाऱ्यास फरक फारसा जाणवत नाही. अॅल्युमिनियमचे पात्र इंडक्शनवर मात्र चालत नाही. दाक्षिणात्य पितळी वा स्टीलचा फिल्टर तर काहीशे रुपयांत मिळतो आणि त्याला ना वीज लागते ना सेवा केंद्र.

दोन-तीन महिने अशा साध्या साधनाने ताज्या बियांची कॉफी रोज करून पाहावी. इतक्या दिवसांनंतरही सकाळी उठून बिया दळण्याचा उत्साह टिकला, तर यंत्राचा विचार अवश्य करावा. तसे करताना आधी ग्राइंडर, मग पंप व तापमान आणि शेवटी सेवा केंद्र असा क्रम ठेवावा. उत्साह मावळला, तर घराचे चाळीस हजार वाचले, असे समजून चहाचे आधण ठेवावे.