लाकडातल्या गोष्टी : ७
सिहोऱ्याच्या नंदीला ब्युरिन चालेल का?

लाकडात कोरलेल्या चित्रांतून गोष्ट सांगणारा लिंड वॉर्ड या आठवड्यात या सदरात येणार होता. त्याला थोडं थांबवतो, कारण सिहोऱ्याहून एका वाचकांचं पत्र आलंय. तान्ह्या पोळ्यासाठी ते सुतारकाम सांभाळून लाकडी नंदी घडवतात. विचारतात, ‘आमच्या सागावर हे ब्युरिनचं, म्हणजे बारीक रेघा कोरणाऱ्या कोरणीचं, काम होईल का?’

नाही होणार, दादा. नंदी घडवताना तुमची पटाशी लाकडाच्या रेषांच्या अंगानं चालते. मासेरीलसारखे फळीवर चित्रं कापणारे कलावंतही तेच करत. ब्युरिनच्या कामात मात्र ओंडका आडवा चिरायचा आणि वर्तुळं दिसतात ती बाजू घोटून गुळगुळीत करायची. त्या बाजूला रेषे उभे असतात. मग तळहाताच्या जोरानं ब्युरिन कुठेही वळवा, लाकूड अडवत नाही, ढलपी निघत नाही. सागाची अडचण अशी, की त्याच्या दर वर्तुळात सुरुवातीची छिद्रं चांगली मोठी असतात. केसाएवढी रेघ तिथे पोचली की तुटलीच.

या कामासाठी वापरतात ते बॉक्सवुड सावकाश वाढतं, त्याची छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी. पण खोड जेमतेम मनगटा-मांडीएवढं. म्हणून मोठ्या चित्रासाठी ठोकळे बोल्टनं जोडत. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’सारख्या साप्ताहिकांत घाई असली की ठोकळे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटायचे, एकाकडे आभाळ, दुसऱ्याकडे गर्दी. जोडावरची रेघ जुळवणारा माणूस मला चित्रकारापेक्षाही मोठा वाटतो.

तुमच्या जंगलात हळदू आहे. पिवळसर, बारीक पोताचा, फण्या करतात तो. बॉक्सवुडची सर त्याला नाही, तरी नंदीच्या गळ्यातली घुंगुरमाळ त्यावर उतरायला हरकत नाही. फक्त ठोकळा पुरता वाळू द्या, नाहीतर मधोमध तडकेल.

आणि उंची सांभाळा. छापखान्यात ठोकळा खिळ्यांच्याच उंचीचा लागे. त्यामुळे मजकूर आणि चित्र एकाच दाबात उमटे. तांब्याच्या पत्र्याला निराळं यंत्र, निराळी छपाई. लाकडावर चित्रं कोरणाऱ्या थॉमस ब्युइकचं फावलं ते इथेच. 1797 आणि 1804 साली निघालेल्या त्याच्या ब्रिटिश पक्ष्यांच्या दोन खंडांत मजकूर संपून पान उरलं, की तिथे तो बोटभर चित्र बसवी. त्याखाली एक अक्षर नाही. एका चित्रात शेतकरी गाईचं शेपूट धरून नदी पार करतोय. पुलाचा टोल वाचला, पण डोक्यावरची टोपी गेली! पक्ष्यांचा काही संबंध नाही. वैनगंगेच्या पट्ट्यातल्या माणसाला मात्र एवढ्यात अख्खी गोष्ट कळेल, आणि टोपी टोलपेक्षा महाग हेही.

वॉर्डच्या 1929च्या ‘गॉड्स मॅन’मधली 139 चित्रं अशाच आडव्या छेदावर कोरलेली आहेत, तेव्हा हा फाटा अगदीच वाया गेला नाही. पत्रात आणखी एक प्रश्न आहे : लाकूड परवडतच नसेल तर? त्यासाठी चित्रकार चित्तप्रसादांच्या अंधेरीच्या घरी जावं लागेल. ते लिनोलियमवर कापत. त्याला रेषेच नसतात. पण आधी वॉर्ड.