साखरपुड्याच्या अंगठीचा विमा

साताऱ्या-सांगलीत आता साखरपुड्याला हिऱ्याची अंगठीही घेतली जाते, पण विम्याचा विचार क्वचितच होतो. 2021पासूनच्या 'भारत गृह रक्षा' या घरविम्याच्या पॉलिसीत दागिने आपोआप येत नाहीत. मौल्यवान वस्तूंचं जादा संरक्षण मागून घ्यावं लागतं. साधी घरफोडीही तिच्यात बसत नाही. आग, पूर अशा घटनेमुळे सात दिवसांत झालेली चोरीच धरतात. अंगठी तर रोज बोटात असते. एसटीत, लग्नघरात हरवते. म्हणून घराबाहेरही लागू होणारं 'ऑल रिस्क' संरक्षणच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. लॉकरवर विसंबू नका: 2019च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं होतं, आणि स्वतःची हयगय नसेल तर नैसर्गिक आपत्तीतल्या नुकसानीला बँक जबाबदार नसते. पक्कं बिल, हॉलमार्कचा एचयूआयडी क्रमांक आणि हिऱ्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा.