ध्रुवाचे स्पंदन आणि विश्वाची मोजणी

ध्रुव तारा अढळ आहे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत त्याच्या आकाशातील स्थानापुरती बव्हंशी खरी असली, तरी त्याच्या तेजाच्या बाबतीत ती टिकत नाही. कारण सुमारे चार दिवसांच्या आवर्तनाने हा तारा किंचित फुगतो आणि आकसतो, आणि विश्वातील अंतरांचा हिशोब ज्या ‘सेफीड’ नामक स्पंदमान ताऱ्यांवर उभा आहे, त्यांपैकी तो आपणांस सर्वांत निकटचा होय. या स्पंदनालाच लुकलुकणे समजण्याची गफलत मात्र होऊ नये. लुकलुकणे हा आपल्या वातावरणाचा परिणाम. स्पंदनाचे मूळ ताऱ्याच्या पृष्ठाखालील हेलियमच्या थरात असून, आकुंचनाच्या वेळी तो थर आतली उष्णता अडवून धरतो आणि प्रसरणानंतर तिला वाट मोकळी करून देतो.

हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीने सेफीडांची अंतरे मोजली, असे पुष्कळदा लिहिले जाते. तेही यथार्थ नव्हे. हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्रांच्या काचा तपासता तपासता लहान मॅगेलनी मेघातील 25 ताऱ्यांची जी तपशीलवार नोंद तिने सिद्ध केली व जी 1912 साली प्रसिद्ध झाली, तीतून आवर्तनकाल जितका दीर्घ तितकी तेजस्विता अधिक, हा नियम निष्पन्न झाला. मेघातील सारे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्याने त्यांच्या दृश्य तेजातील तफावत ही खऱ्या तेजातीलच तफावत होय, हे तिने ओळखले, यातच तिच्या प्रज्ञेचे वैभव आहे. परंतु तो मेघ किती दूर आहे हे ठाऊक नसल्यामुळे तिच्या हाती आला तो प्रमाण न लिहिलेला नकाशा.

ते प्रमाण केवळ आवर्तनकालावरून मिळत नाही. निदान काही सेफीडांचे अंतर स्वतंत्र मार्गाने, म्हणजे पृथ्वीच्या सूर्यप्रदक्षिणेमुळे त्यांच्या स्थानात भासणाऱ्या पराशयावरून, ठरवावे लागते, आणि खुद्द ध्रुवाचा पराशयही विकलेच्या शतांशाहून अल्प आहे. म्हणूनच असे सूक्ष्म पराशय मोजणाऱ्या, 1989 मधील हिपार्कोस व 2013 मधील गाया या उपग्रहांचे मोल इतके मोठे.

एकदा ठरलेले अंतर कायमचे ठरले, असेही मानू नये. खगोलज्ञ हबलने 1923 साली देवयानी दीर्घिकेत सेफीड शोधला आणि तिचे अंतर सुमारे 9 लक्ष प्रकाशवर्षे काढले. ती आपल्या आकाशगंगेबाहेर आहे, एवढे सिद्ध करण्यास ते पुरेसे होते. मात्र अशा अंतरांवर आधारलेल्या, त्या काळच्या प्रसरणाच्या हिशोबाने विश्वाचे वय पृथ्वीवरील खडकांच्या वयाहूनही कमी भरत होते, आणि ही विसंगती शास्त्रज्ञांना दीर्घकाळ छळत राहिली. अखेर 1952 साली रोम येथील परिषदेत वाल्टर बाडेने सेफीडांच्या दोन भिन्न जाती असून एकीचे प्रमाण दुसरीला लावले गेले असल्याचे दाखवून दिले, आणि दीर्घिकांची अंतरे एकदम दुपटीने वाढली. आज देवयानीचे अंतर सुमारे 25 लक्ष प्रकाशवर्षे मानतात.

सेफीडांच्या साखळीने विश्वाच्या प्रसरणाचा वेग दर मेगापार्सेकला सेकंदास सुमारे 73 किलोमीटर येतो, तर विश्वाच्या आरंभकाळातील आदिम प्रारणाच्या अभ्यासावरून तो सुमारे 67 निघतो. या तफावतीचा सारा दोष सेफीडांच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश मिसळून मोजणी बिघडली असावी, अशी शंका घेतली गेली होती, पण जेम्स वेब दुर्बिणीने तेच तारे अधिक स्पष्टपणे न्याहाळले, तेव्हा हबल दुर्बिणीच्या जुन्या मोजण्यांशी त्यांचा ताळा जमला.