४२६ घन सेंटिमीटरचा वाद

अर्धा लिटर दुधाच्या पिशवीत मावून वर जागा उरेल, एवढा मेंदू: ४२६ घन सेंटिमीटर. आपला सरासरी १,३५० च्या आसपास असतो. २००३ साली इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर, लिआंग बुआ गुहेत सुमारे सहा मीटर खोल सापडलेल्या कवटीतला हा मेंदू. ती प्रौढ बाई होती आणि तिची उंची भरली १०६ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम साडेतीन फूट! हाडं इतकी मऊ की हात लावायची भीती वाटावी.

२००४ मध्ये माइक मॉरवूड, पीटर ब्राउन आणि सहकाऱ्यांनी ‘होमो फ्लोरेसिएन्सिस’ ही नवी मानवजात जाहीर केली आणि वाद पेटला. इंडोनेशियाचे ज्येष्ठ मानवशास्त्रज्ञ तेउकू याकोब म्हणाले, ही आपल्यातलीच, मेंदूची वाढ खुंटलेली व्यक्ती. पुढे कुणी थायरॉइडचा दोष काढला, कुणी लॅरॉन सिंड्रोम, कुणी डाउन सिंड्रोम. २००७ मध्ये मनगटाची हाडं तपासली, तर त्यांची ठेवण आपल्यापेक्षा कितीतरी जुन्या वळणाची निघाली. या आजारांनी मनगट असं मागे जात नाही.

पण मला निर्णायक वाटतं ते काळाचं गणित. आधी हा सांगाडा १८,००० वर्षांपूर्वीचा मानला होता. २०१६ मध्ये तिथल्या या जातीच्या हाडांचं वय ६०,००० ते १,००,००० वर्षं ठरलं. त्याच वर्षी बेटावरच्याच माता मेंगे इथल्या जबड्याचा तुकडा आणि दात जगासमोर आले. तोही जबडा इवलासाच, आणि वय सुमारे ७ लाख वर्षं. २०२४ मध्ये तिथलंच प्रौढ दंडाचं हाड प्रसिद्ध झालं. त्यावरून उंची निघाली फक्त १०० सेंटिमीटर. आपली होमो सेपियन्स जातच मुळी सुमारे ३ लाख वर्षांची. आपण जन्मालाच आलो नव्हतो, तेव्हाचे हे बुटके आपल्यातले रोगी कसे ठरतील? पिढी २५ वर्षांची धरली, तर माता मेंगेपासून लिआंग बुआपर्यंत सुमारे २५,००० पिढ्या होतात.

आता वाद उरलाय पूर्वजांचा. धिप्पाड होमो इरेक्टस बेटावर अडकून आकाराने घटला, की आफ्रिकेतून निघालेली मुळातच ठेंगणी शाखा इथवर पोचली? बेटावरची सर्वात जुनी दगडी हत्यारं १० लाख वर्षांपूर्वीची आहेत, आणि समुद्र सर्वात खाली गेला तेव्हाही फ्लोरेस आशियाच्या भूमीला जोडलेलं नव्हतं. म्हणजे यांचे पूर्वज, कोणीही असोत, पाणी ओलांडूनच आले.