तबल्यासमोर माइक नेमका कुठे ठेवावा?

घरी तबला रेकॉर्ड केला की एक तक्रार हमखास येते: वाजवताना डग्गा छान घुमत होता, ऐकताना मात्र नुसती टकटक. बहुतेक वेळा दोष माइकचा नसतो, त्याच्या जागेचा असतो. ती शोधायला आपल्याला एक कार्डिऑइड माइक (समोरचा आवाज जास्त, पाठीमागचा कमी घेणारा), स्टँड आणि हेडफोन एवढंच लागतं.

आधी खोली पाहावी. फरशी आणि उघड्या भिंतींवरून आवाज उलटून येतो, म्हणून सतरंजी अंथरावी, पडदे ओढावेत. वादकाला कोपऱ्यात बसवू नये; तिथे खर्ज फुगतो. पंखा बंद करायचा राहून जातो, तो आठवणीने करावा.

आता माइक बाजूला ठेवून कानाने जागा शोधायची. वादकाला एखादा कायदा सलग वाजवायला सांगावं. आपण एक कान बोटाने बंद करून दुसरा कान तबल्यासमोर सावकाश वर-खाली, डावी-उजवीकडे न्यावा. दोन्ही कान उघडे असले की मेंदू खोलीतला घुमारा बराचसा बाजूला सारतो. एकट्या माइकला ते जमत नाही. जिथे चाटीवरचा ‘ना’ टोचत नाही आणि डग्ग्याची आसही पुरती ऐकू येते, ती जागा लक्षात ठेवावी.

तिथे माइक लावावा. अंदाजच येत नसेल, तर वादकाच्या समोरून, तबला-डग्ग्याच्या मधोमध, पुडीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर वर, तोंड तिरकं खाली करून सुरुवात करावी. माइकची पाठ खिडकीकडे असली तर रस्त्याचा आवाज कमी येतो.

मग पातळी ठरवावी. इथे बरेचजण फसतात: चाचणीला वादक हात राखून वाजवतो आणि खऱ्या वेळी तिहाईला आवाज फाटतो. म्हणून सगळ्यात जोरकस भाग वाजवून घ्यावा आणि मीटरचं टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवावं.

मिनिटभर रेकॉर्ड करून ऐकावं. खर्ज फुगलाय? माइक फार जवळ आहे. कार्डिऑइड माइक जवळ नेला की खर्ज वाढवतो. आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतोय? माइक लांब आहे. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. डग्गा दबला असेल तर माइकचं तोंड किंचित त्याच्याकडे वळवावं. एका वेळी एकच बदल, तोही चार बोटांचा. दोन नमुने ताडून पाहताना त्यांचा आवाज सारखा ठेवावा, नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटतो.

दुसरा माइक लावायचा मोह होतो. पण एकच थाप दोन माइकांवर वेगवेगळ्या क्षणी पोचते. ३४ सेंटिमीटरच्या फरकाला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. दोन्ही आवाज एकत्र केले की काही लहरी एकमेकींना खोडतात आणि थाप पोकळ होते. यावर ढोबळ नियम असा: माइक वाद्यापासून जितका दूर, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये हवं. तबला-डग्गा खेटून असल्याने ते जमणं कठीण, म्हणून सुरुवातीला एकच माइक बरा.

जागा जमली की स्टँडच्या पायांशी चिकटपट्टी लावावी आणि उंची सुतळीने मोजून गाठ मारून ठेवावी. सतरंजी किंवा वादकाची बैठक बदलली, तर मात्र पुन्हा एका कानावर बोट ठेवायचं.